पहिलीच क्रूझ : आतली खोली की बाल्कनी? आणि बोट लागली तर?

वाडीवरचा
जानेवारीत मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ घ्यायचा विचार चाललाय. पाच माणसं : सत्तरीतली दोन, चाळिशीतली दोन आणि नऊ वर्षांचा एक. निघणार कुडाळहून. पाण्यावरचा एकूण अनुभव म्हणजे मालवण जेट्टी ते सिंधुदुर्ग किल्ला, तोही होडीची कड घट्ट धरून. एजंट म्हणतो बाल्कनीच घ्या. शेजारी म्हणतात, झोपण्यापुरतं तर खोलीत जायचं, आतली घ्या. तर खोली कुठली घ्यावी, बोट लागणाऱ्यांनी काय करावं आणि सामानात काय न्यावं, काय नेऊ नये? ‘एन्जॉय करा’ सोडून काहीही सांगा.

तांडेल
खोलीचा प्रकार नंतर बघा, आधी जागा बघा. लाटेवर जहाज मधल्या भागाभोवती वरखाली होतं. त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक जास्त उचलतं, मधलं पोट कमी. उंचीचंही तसंच, जितकं वरच्या डेकवर जाल तितका आडवा झोल जास्त. म्हणून बोट लागणाऱ्याला खालच्या डेकवरची, मध्यावरची खोली. लिफ्ट जवळ हवी, पण लिफ्टला चिकटून नको, चार-पाच दारं सोडून.

दुसरं म्हणजे डेकचा नकाशा मागवा आणि तुमच्या खोलीच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज. खाली नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीनंतरही ठेका. पुढच्या टोकाला खालची खोली असेल तर बंदर जवळ आलं की जहाज आडवं सरकवणाऱ्या थ्रस्टरची घरघर आणि नांगर टाकायचा असेल तर साखळीचा खडखडाट. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, ती जागा शांत. ‘गॅरंटी केबिन’ म्हणून जे स्वस्त विकतात त्यात खोलीचा नंबर कंपनी ठरवते. म्हातारी माणसं बरोबर असताना ते घेऊ नका.

सोलकढी
एजंट बाल्कनी म्हणणारच. कमिशन टक्क्यांत असतं, चौरस फुटांत नाही.

मतलई
बाल्कनीबद्दल माझं मत एजंटच्या उलट. हा प्रवास बराचसा रात्रीचा, आणि जहाज किनाऱ्यापासून इतकं बाहेर असतं की त्यातून आपलं कोकण दिसेल ही आशा सोडा. दिसते ती एखाद्या दीपगृहाची उघडझाप आणि मच्छीमार नौकांचे दिवे. पाहण्यासारखा असतो तो सुटल्यानंतरचा तास-दीड तास, आणि तो उघड्या डेकवरूनच पाहावा. बॅलार्ड पिअरहून जहाज दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला ताज आणि गेटवे, मग कुलाब्याचं टोक आणि प्राँग्सचं दीपगृह. डाव्या हाताला उरण-करंजा, पुढे खांदेरी-उंदेरी. म्हणून आधी उजव्या कठड्याला उभे राहा, प्राँग्स मागे पडलं की डावीकडे या. सूर्यास्त जाताना उजवीकडे, परतताना डावीकडे.

अख्खा दिवस समुद्रात काढायच्या लांब फेऱ्यांत बाल्कनीचे पैसे वसूल होतात. तीन रात्रींना खिडकीची खोली पुरे. फक्त खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे आधी विचारा. तशा खोल्या स्वस्त असतात आणि दिसते ती नारिंगी बोटीची पाठ.

भरतीओहोटी
पाच जण एका खोलीत मावणार नाहीत. बहुतेक खोल्या चौघांपर्यंतच्या, त्याही साधारण १२० ते १७० चौरस फुटांच्या. तिसरा-चौथा माणूस झोपतो तो भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या बर्थवर, शिडी लावून. रेल्वेच्या अप्पर बर्थची बहीणच. तेव्हा चाळिशीतली दोन आणि मुलगा एका खोलीत, आजी-आजोबा शेजारच्या खोलीत. ‘शेजारी-शेजारी’ हे बुकिंग करतानाच लिहून घ्या, नंतर मिळत नाही.

जाहिरातीतला दर बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं आहेत असं धरून. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि रोजच्या रोज माणशी लागणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, चढते. एजंटकडून ‘सगळं धरून पाच जणांचे इतके’ असा एकच आकडा लेखी घ्या.

रापण
बोट लागण्याबद्दल. कान सांगतो की आपण हलतोय, डोळा खोलीच्या भिंती पाहून सांगतो की स्थिर आहोत. त्या भांडणात पोट मध्ये पडतं. म्हणून खोलीत मोबाइल पाहत बसणं सगळ्यात वाईट. बाहेर, मध्यावर, मोकळ्या वाऱ्यात बसायचं आणि नजर क्षितिजावर ठेवायची. ते जमत नसेल तर डोळे मिटून आडवं व्हायचं.

अ‍ॅव्होमिन ही आपल्याकडची नेहमीची गोळी, २५ मिलिग्रॅमची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. जहाज सुटण्याआधी एक-दोन तास घ्यायची. झोप येते, दारूबरोबर चालत नाही. सत्तरीतल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर, कारण या गोळीने लघवी अडू शकते आणि तोलही जातो. मुलाचा डोस वय-वजन पाहून डॉक्टरच ठरवतील. पोट रिकामं ठेवू नका. टोस्ट, खाकरा, आलेपाक, तोंडात धरायला आमसूल एवढं हाताशी असू द्या. तळकट टाळा.

तसा जानेवारीत आपल्याकडचा समुद्र बराच शांत असतो. खरा दर्या खवळतो जून ते सप्टेंबर, म्हणून इथल्या फेऱ्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे.

टपोरा_बांगडा
मोबाइलात डोळे घालून बसलंस तर बोट लागतलीच. आणि कोणी ‘बोट लागली’ म्हणून ओरडलो तर आधी विचार, धक्क्याक की तुका?

हापूस_नको
@मतलई, @तांडेल, दोघांचं बरोबर, पण आतल्या खोलीबद्दल एक गोष्ट राहिली. तिथे खिडकीच नसते. दिवा घालवला की मिट्ट काळोख, सकाळी नऊ वाजले तरी कळत नाही. आणि बाथरूमच्या दाराला काही इंचांचा लोखंडी उंबरा असतो. काळोख, उंबरा आणि झोपेतला सत्तरीचा माणूस, एवढं जमून आलं की पडणं ठरलेलं. छोटा रात्रदिवा न्या. तो नसेल तर बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवा, आणि उंबऱ्यावर पांढरा टॉवेल आडवा टाका म्हणजे कड दिसते.

बाथरूमचंही सांगून टाकतो, कारण एजंट सांगत नाहीत. संडास हवेच्या ओढीवर चालतो, पाणी जेमतेम लिटरभर. बटण दाबलं की मोठा आवाज होतो, मुलाला आधीच सांगून ठेवा. आत ओला वाइप किंवा पॅड गेलं की त्याच नळीवरच्या शेजारच्या खोल्यांचे संडासही तुंबतात. हँड जेट सगळ्या जहाजांवर नसतो. बुकिंगच्या वेळी विचारा, नसेल तर प्लास्टिकचा लहान मग बॅगेत टाका. फक्त पाणी शॉवरच्या पडद्याच्या आतच सांडायचं, बाहेरच्या फरशीला निचरा असेलच असं नाही.

दर्याकिनारी
खोलीच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात. चुंबकाचे हूक चार-सहा न्या, टोप्या, ओळखपत्रं, ओले कपडे सगळं त्यावर टांगता येतं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा. बाल्कनी घेतलीतच तर कठड्यावर टॉवेल वाळत घालू नका, वारा नेतो. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडलं की वाऱ्याच्या झोताने ते असं आपटतं की बोटं सांभाळावी लागतात.

वाडीवरचा
वा. सामानात उदबत्ती, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड लिहिले होते. चालतील?

तांडेल
तिन्ही काढा. इस्त्री, केटल, मेणबत्ती, उदबत्ती, लायटर, सुरी सगळं स्कॅनरवर अडकतं. जहाजाला पाण्यापेक्षा आगीची भीती मोठी. देवाचा फोटो न्या, हात जोडा.

एक्स्टेन्शनचं कारण वेगळं आहे. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल अर्थिंगला बांधलेली असते. जहाजावर तशी नसते, दोन्ही तारा जिवंत समजायच्या. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डातला भाग जादा दाब अर्थिंगकडे सोडतो. जहाजाच्या रचनेत तो तापून बोर्ड पेटू शकतो. म्हणून सर्जवाला बोर्ड नाहीच. एका प्लगवर तीन-चार यूएसबी देणारा साधा चार्जर चालतो. सॉकेट बहुधा युरोपातले गोल दोन पिनांचे किंवा अमेरिकेतले चपटे. आपली तीन पिनांची जाड पिन जात नाही, अ‍ॅडॅप्टर न्या.

सोलकढी
आणि सुका बोंबील?

तांडेल
घरचं शिजवलेलं आणि मासळी, दोन्ही नाही. कंपनीचं सीलबंद पाकीट सहसा जातं. बोंबील नेलात तर अख्खा डेक तुम्हाला नावाने ओळखेल.

धक्क्यावरचा
कुडाळहून निघताय म्हणून : ज्या दिवशी जहाज त्या दिवशी मुंबईत पोचायचा बेत करू नका. रात्रीची कोकणकन्या सकाळी सीएसएमटीला टाकते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटं, हे खरं. पण एकेरी रूळ, क्रॉसिंगला थांबणं, आणि महामार्गाचं तर बोलायलाच नको. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

भरतीओहोटी
एवढी भीती नको. चढणं दुपारपासून संध्याकाळपर्यंत टप्प्याटप्प्याने चालतं. कोकणकन्या तीन तास उशिरा आली तरी वेळ उरतो.

धक्क्यावरचा
उरतो. पण रात्रभर गाडीत न झोपलेली सत्तरीची दोन माणसं, सामान, मुलगा, मग टर्मिनलवरची रांग आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा बोटीवर. बोट लागायला थकवा आणि जागरण पुरेसं असतं. एका रात्रीचं लॉज त्यापेक्षा स्वस्त.

टर्मिनलवर काय होतं ते सांगतो. वेब चेक-इन घरीच करून ठेवा, फोटो आणि ओळखपत्र अपलोड करावं लागतं. मूळ आधार किंवा पासपोर्ट हातात हवा, मुलाचंही. मोठ्या बॅगेला टॅग लावून ती देऊन टाकायची. ती खोलीच्या दाराशी येते ती तीन-चार तासांनी. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं, चार्जर, एक जोडी कपडे आणि मुलाचा पोहण्याचा पोशाख खांद्यावरच्या पिशवीत. गँगवेचा, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जायच्या पुलाचा, उतार भरती-ओहोटीवर ठरतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी बदलते. चढताना सोपा वाटलेला रस्ता उतरताना तसाच असेल असं नाही. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आधी कळवून ठेवा, तिथे पोचून मागू नका.

रापण
चढल्यावर पहिलं काम ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव. कंटाळा करू नका. इशारा सात छोटे भोंगे आणि एक लांब. तुमचं जमायचं ठिकाण कार्डावर आणि खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. खोलीतून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालून पाहा, संकटात लिफ्ट वापरायची नसते. लाइफ जॅकेट हातात नेताना पट्टे लोंबू देऊ नका, मागचा त्यात पाय अडकून पडतो. नऊ वर्षांच्याला मुलांच्या मापाचं जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घ्या. मोठ्याचं घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली.

हे सुटण्याआधीच का, तर कोस्टा कॉनकॉर्डिया. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर खडकाला लागली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्यांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हा नियम चोवीस तासांत करा असा होता. २०१५ पासून सुटण्याआधी किंवा सुटताच करावी लागते.

हापूस_नको
आपल्याला इटलीपर्यंत जायला नको. रामदास बोट, १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ, सहाशेहून जास्त माणसं. अजून म्हातारे पावसाळ्यात रेवसचं नाव काढलं की गप्प होतात.

दर्याकिनारी
बोटीचा विषय निघालाच आहे तर, कोकणसेवक, रोहिणी, चंद्रावती या कोकणच्या जुन्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या त्यांना हे तीन रात्रींचं कौतुक हसूच येईल. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजी. आणि बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायची नाही. समुद्रात उभी राहायची आणि ट्रंक, वळकटी, पोरंबाळं खपाट्यात, म्हणजे लहान होडीत, उतरायची.

तांडेल
त्यालाच आता टेंडर म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी आजही तेच. जहाज बाहेर उभं, लहान बोटीने किनाऱ्यावर. नंबराची चिठ्ठी सकाळी लवकर घ्या. दोन्ही बोटी वेगवेगळ्या लयीत वरखाली होतात, तेव्हा खालची बोट वर आली की पाय टाकायचा, खलाशाच्या मनगटाला धरायचं, हातात पिशवी ठेवायची नाही. लाट मोठी असेल तर व्हीलचेअरवाल्यांना उतरू देत नाहीत. गोव्यात हा प्रश्न नाही, मुरगावला जहाज धक्क्याला लागतं.

मतलई
गोव्याचा दिवस. मुरगावहून पणजी आणि मंगेशी, दोन्ही साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, एका बाजूला तास धरा. ओला-उबर तिथे नाही. गोवा माइल्स हे तिथलं टॅक्सीचं अ‍ॅप, नाहीतर टॅक्सी आधी भाडं ठरवून. ‘सगळे जहाजावर’ ही जी वेळ छापलेली असते ती सुटण्याची वेळ नव्हे, गँगवे बंद होण्याची. तिच्या तासभर आधी गेटवर या. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. हवामानामुळे बंदरच वगळलं तर बहुतेक कंपन्या फक्त बंदर शुल्क परत देतात, तेव्हा देवदर्शनाचा नवस याच तारखेवर टांगू नका.

सोलकढी
तलावाकाठच्या खुर्च्यांवर सकाळी सातलाच टॉवेल टाकलेले दिसतील. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तेच. फरक एवढाच की इथे रिकामी खुर्ची दिसली की कर्मचारी टॉवेल उचलतात, कंडक्टर उचलत नाही.

भरतीओहोटी
पैशांचं. जहाजावर सगळं खोलीच्या कार्डावर लिहिलं जातं. बारवर यूपीआयचा क्यूआर शोधत फिरू नका, आधी काउंटरवर कार्ड जोडायचं किंवा रोख अनामत ठेवायची. डेबिट कार्ड दिलंत तर अडकवलेली रक्कम सुटायला आठवडाही जातो, क्रेडिट कार्ड द्या. मुलाच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या, व्हिडिओ गेमच्या मशीनला वय कळत नाही. शेवटच्या संध्याकाळीच बिल पाहा, उतरायच्या सकाळी त्या काउंटरला पंढरपूरची रांग असते.

फोन विमान मोडवर. किनारा सुटला की फोन जहाजाच्या सागरी नेटवर्कला आपोआप चिकटू शकतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत.

आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

टपोरा_बांगडा
एक इचारू? कुडाळचो माणूस मुंबैक जातलो, थयसून बोटीन गोव्याक येतलो, मगे परत मुंबैक जातलो आणि परत गाडी धरून कुडाळाक येतलो. गोव्यासून कुडाळ हाकेर आसा.

धक्क्यावरचा
हसू नका, हाच धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. काही फेऱ्यांत एकेरी मुंबई-गोवा विकतात. मुरगावला उतरायचं, मडगावहून गाडी धरायची, दोनेक तासांत कुडाळ. क्रूझच्या एक-दोन रात्री कमी, पण सीएसएमटी ते कुडाळचा परतीचा प्रवास वाचतो. मात्र बुकिंगच एकेरी हवं. परतीचं तिकीट काढून गोव्यात मनाने उतरलात तर प्रवासी यादीत तुम्ही जहाजावरच असता. हरवलात म्हणून शोधाशोध सुरू होते.

वाडीवरचा
एकेरीच घेतो. दोन खोल्या, शेजारी-शेजारी, खिडकीच्या, मध्यावर. आदल्या दिवशी मुंबई. डॉक्टरांना गोळीचं विचारतो. आईचा प्रश्न : उतरल्यावरही डोलल्यासारखं होतं म्हणतात, खरं का?

रापण
खरं. कानाला डोलण्याची सवय झालेली असते, ती मोडायला काही तास, कुणाला एखाद-दोन दिवस लागतात. उतरल्या उतरल्या जिन्यावर कठडा धरा.

हापूस_नको
आणि शेवटच्या रात्रीचं. बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. बॅगा भरताना सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवा. दर फेरीत एखादा तरी माणूस पायजम्यात धक्क्यावर उतरतो.

टपोरा_बांगडा
तो पायजमो नाय. क्रूझ वेअर.